फेरेटसाठी अँटिबॉडी कुठून आणता? (उंदीर सोडून इतर प्राण्यांत फ्लूची इम्युनिटी मोजणारं कुणी आहे का इथे)

सांगलीची_पोर

नमस्कार मंडळी. मी इम्युनॉलॉजीत पोस्टडॉक करते, सध्या अमेरिकेत. आजवरचं सगळं काम उंदरांवर. पीआर८ (लॅबमधला फ्लूचा) व्हायरस नाकात टाकायचा, आठ-दहा दिवसांनी फुप्फुस आणि प्लीहा काढायची, टेट्रामर (व्हायरसचा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या टी सेल रंगवणारं रिएजंट) लावायचा, बारा-चौदा रंगांच्या अँटिबॉडींचं पॅनल फ्लोवर (पेशी रंगांवरून मोजणारं मशीन) चालवायचं आणि संध्याकाळपर्यंत आकडे हातात. उंदरासाठी मागाल ती अँटिबॉडी मागाल त्या रंगात मिळते, त्यामुळे त्याची किंमत कधी कळलीच नाही.

आता आमच्या बॉसने नव्या ग्रँटमध्ये फेरेट लिहून ठेवलेत. प्रश्न असा आहे की एक सीझनल लस दिल्यावर फुप्फुसात किती टी सेल टिकतात आणि वेगळ्या स्ट्रेनने इन्फेक्शन झालं तर त्या कामाला येतात का. लिहायला सोपं. मी कंपन्यांच्या साइटवर जाऊन स्पीशीजच्या फिल्टरमध्ये फेरेट टाकलं तर उंदराचं जिथे हजारो प्रॉडक्ट दिसतात तिथे पान एका स्क्रोलमध्ये संपतं, आणि त्यातल्या अर्ध्यांवर ‘प्रेडिक्टेड’ असं लिहिलेलं, म्हणजे कुणी करून बघितलेलं नाही, सिक्वेन्स जुळतो म्हणून ठोकून दिलंय.

तर ज्यांनी खरंच हात घातलाय त्यांनी सांगा. कुठले क्लोन (म्हणजे नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या अँटिबॉडी) चालतात? फुकट किंवा स्वस्तात देणाऱ्या रिपॉझिटरी कुठल्या? आणि टेट्रामर नसताना टी सेल स्पेसिफिक आहे हे दाखवता कसं? पुण्यातली एक मैत्रीण हॅमस्टरवर काम करते, तिचंही हेच रडगाणं आहे, तिलाही हा धागा पाठवतेय.

फक्त_वाचक

विषय डोक्यावरून गेला तरी विचारतो. फेरेट म्हणजे ते मुंगसासारखं लांबट दिसतं तेच ना? आणि उंदरात एवढं सगळं मिळतंय तर उंदरातच का करत नाही, हौस आहे का बॉसला?

रिटायर्ड_सीरोलॉजिस्ट

वाचकराव, प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि हौस वगैरे नाही.

१९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाचा फ्लू व्हायरस पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटमध्येच. फ्लू झालेल्या माणसांच्या घशाचं पाणी गाळून फेरेटच्या नाकात टाकलं, तर त्यांना ताप आला, नाक वाहायला लागलं, शिंका सुरू झाल्या. पुढे १९३६ मध्ये अशाच एका आजारी फेरेटने चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांच्या तोंडावर शिंक दिली आणि त्यांना फ्लू झाला. म्हणजे रोग उलटा माणसात आला हेही सिद्ध झालं, आणि तेही ग्रँट न लिहिता.

उंदराचं काय आहे, त्याला माणसाचा फ्लू सहजासहजी होत नाही, व्हायरस आधी उंदरात पास करून करून सवयीचा करावा लागतो. तो शिंकत नाही, शेजारच्या उंदराला फारसा देत नाही. शिवाय लॅबमधल्या बहुतेक जातींत, बाल्ब-सी घ्या की ब्लॅक सिक्स, एमएक्स१ हा जीन मोडका आहे. फ्लूला अडवणारा हा मोठा पहारेकरी आहे आणि तोच गैरहजर. फेरेटच्या वरच्या श्वासमार्गात माणसासारखेच अल्फा २,६ जोडणीचे सायलिक ॲसिड रिसेप्टर असतात, त्यामुळे माणसाचा व्हायरस आहे तसा चिकटतो. एकाकडून दुसऱ्याकडे हवेतून जातो का हे बघायचं तर फेरेटला आजही तोड नाही.

आता पोरी, तुझ्याकडे वळतो. अँटिबॉडी शोधायला बसण्याआधी एक यादी कर, की कुठल्या चाचण्यांना प्राण्याची जात कळावीच लागत नाही. एचएआय (हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन) घे. त्यात सीरममधली अँटिबॉडी व्हायरसला धरते आणि रक्तपेशींचं जाळं बनू देत नाही, बस. सीरम फेरेटचं असो, हॅमस्टरचं असो की हत्तीचं, सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरणारी दुसरी अँटिबॉडी) लागत नाही. न्यूट्रलायझेशनचंही तसंच. एमडीसीके (कुत्र्याच्या किडनीच्या) पेशींवर टीपीसीके ट्रिप्सिन घालून व्हायरस वाढव, शेवटी न्यूक्लिओप्रोटीनविरुद्धची (एनपी, व्हायरसच्या आतलं प्रोटीन) उंदराची अँटिबॉडी वापरून इन्फेक्ट झालेल्या पेशी मोज. तिथे तू व्हायरस मोजतेयस, फेरेटचं काहीच मोजत नाहीस. न्यूरामिनिडेजसाठी (व्हायरसवरचं सायलिक ॲसिड कापणारं एन्झाइम) एला नावाची चाचणी कर, प्लेटवर फेट्युइन, त्यावरचं सायलिक ॲसिड एन्झाइमने कापलं की उघडी पडलेली साखर पीनट लेक्टिनने पकडायची. व्हायरस मात्र एच६ वाला रिअसॉर्टंट (दोन व्हायरसचे जीन मिसळून बनवलेला) घे, नाहीतर एचएविरुद्धच्या (एचए म्हणजे व्हायरसचं पेशीला चिकटणारं प्रोटीन) अँटिबॉडीच आड येऊन न्यूरामिनिडेज अडवल्याचा भास करतात.

पेशी_मोजणारा

काकांचं सगळं मान्य, पण तिने टी सेल विचारलेत हो. एचएआयने टी सेल दिसत नाहीत.

मी ऑस्ट्रेलियात फेरेटवर काम करतो, फ्लो हेच माझं रोजचं काम. माझ्या अनुभवात चाललेलं सांगतो.

सीडी नंबर म्हणजे पेशींवरच्या खुणा, त्यांवरून पेशींचे प्रकार ओळखतात. सीडी८ साठी माणसासाठी बनवलेला ओकेटी८ क्लोन. हा फेरेटवर छान चालतो, बऱ्याच पेपरात आहे, रंगांचे पर्यायही भरपूर मिळतात कारण माणसासाठी तो जुना आणि खपाचा क्लोन आहे. सीडी११बी साठी उंदराचा एम१/७०, तोही चालतो, तुमच्या फ्रीजमध्ये आत्ता पडलेला असेल. सीडी३ ला पीसी३/१८८ए घ्या. हा पेशीच्या आतल्या टोकाला धरतो आणि ते टोक सगळ्या सस्तन प्राण्यांत जवळपास सारखं आहे, म्हणून जातीचा प्रश्न येत नाही, पण त्यासाठी पेशी फिक्स आणि पर्म कराव्या लागतात (गोठवून त्यांच्या पडद्याला भोकं पाडावी लागतात), म्हणजे जिवंत सॉर्टिंग विसरा. बी सेलसाठी सीडी७९ए चा एचएम५७, तोसुद्धा आतलाच. इंटरफेरॉन गॅमासाठी गायीविरुद्ध बनवलेला सीसी३०२, फेरेटमध्ये इंट्रासेल्युलर स्टेनिंगला चालतो. सीडी४ ही खरी डोकेदुखी होती, माणसाचे-उंदराचे क्लोन तिथे दगा देतात. सायनो बायोलॉजिकलकडे फेरेट सीडी४ विरुद्ध खास बनवलेली मोनोक्लोनल आहे, आणि त्यांच्याकडे फेरेटची रिकॉम्बिनंट प्रोटीन्सही आहेत, ती कंट्रोलला कामाला येतात.

म्हणजे स्पीशीजच्या फिल्टरने शोधूच नका. क्लोनच्या नावाने शोधा. ओकेटी८ च्या पानावर फेरेट लिहिलेलं असेलच असं नाही, पण क्लोन तोच आहे, तो काही पान वाचून चिकटत नाही.

टेट्रामरचं म्हणाल तर फेरेट आउटब्रेड (एकसारख्या जीनचे नसलेले) असतात, प्रत्येकाचा एमएचसी (टी सेलला व्हायरसचे तुकडे दाखवणारं प्रोटीन) वेगळा, त्यामुळे उंदरासारखा एक एनपी टेट्रामर सगळ्यांना लावून मोकळं होता येत नाही. आम्ही एलिस्पॉट करतो, त्यात सायटोकाइन सोडणारी प्रत्येक पेशी प्लेटवर एक ठिपका होऊन दिसते. मॅबटेकचं फेरेट इंटरफेरॉन गॅमाचं किट आहे, तयार मिळतं. पेशींना ओव्हरलॅपिंग पेप्टाइडचा पूल द्या, १५ अमिनो ॲसिडचे तुकडे, ११ चा ओव्हरलॅप, एनपी आणि एम१ (व्हायरसची आतली प्रोटीन्स) चे वेगळे पूल करा कारण वेगळ्या स्ट्रेनमध्येही जुळणारं म्हणजे तेच. किंवा जिवंत व्हायरस द्या, पण मग रेस्पॉन्स कुठल्या प्रोटीनला आला ते कळत नाही.

सांगलीची_पोर

@पेशी_मोजणारा दादा, एवढं नावानिशी आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका. एक, एलिस्पॉट मी उंदरात फारसा केलेला नाही, आमच्याकडे सगळे फ्लोवालेच, तर त्यात काय सांभाळायचं? आणि दुसरं, उंदरात आम्ही मारायच्या आधी शिरेतून सीडी४५ ची (सगळ्या पांढऱ्या पेशींवरची खूण) अँटिबॉडी देतो म्हणजे रक्तातल्या पेशी रंगतात आणि फुप्फुसात रुतलेल्या कोऱ्या राहतात. फेरेटमध्ये रेसिडेंट पेशी वेगळ्या कशा ओळखू?

पेशी_मोजणारा

एलिस्पॉटचं बघा, पीव्हीडीएफची प्लेट असेल तर आधी प्रत्येक वेलमध्ये ३५ टक्के इथेनॉल, १५ मायक्रोलीटर, जास्तीत जास्त एक मिनिट, पडदा करडा दिसला की लगेच पाण्याने पाचेक वेळा धुवायचं. इथे रेंगाळलात तर पडदा गळतो आणि अख्खी प्लेट वाया. मग पेशी टाकल्यावर इनक्युबेटरमध्ये प्लेट ठेवली की हलवायची नाही, थरावर थर रचायचे नाहीत, कुणी दार धाडकन लावलं तरी ठिपक्यांना शेपट्या फुटतात, धूमकेतूसारखे दिसतात आणि रीडर एकाचे दोन मोजतो. आमच्या इनक्युबेटरवर मी चिठ्ठीच लावतो, की आत एलिस्पॉट आहे, हळू. प्रत्येक प्राण्याच्या पेशींना एक वेल कॉन-ए ची (सगळ्या टी सेल चेतवणारा पदार्थ) द्या, ती काळीकुट्ट नाही आली तर पेशीच मेलेल्या होत्या, बाकीचे शून्य मोजू नका.

पॉझिटिव्ह कंट्रोलला पीएमए-आयनोमायसिन वापरणार असाल तर लक्षात ठेवा की पीएमएने सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढला जातो, मग आधीच कमजोर असलेली तुमची सीडी४ ची अँटिबॉडी ‘चालत नाही’ असं वाटेल.

शिरेतून रंगवायचं फेरेटमध्ये मी करत नाही. किलोभराच्या प्राण्याला लागेल एवढी अँटिबॉडी विकत घ्यायची तर बॉसच शिरेतून काहीतरी घेईल. फुप्फुस सलाईनने नीट धुऊन घ्या, पांढरं पडेपर्यंत, बीएएल (श्वासनळीतून फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी) वेगळं ठेवा आणि त्याच प्राण्याचं रक्त शेजारी चालवा. बीएएलमध्ये आहे आणि रक्तात नाही असा रेस्पॉन्स दिसला तर बोलायला जागा आहे. उंदराइतकं स्वच्छ उत्तर मिळणार नाही, पेपरमध्येही तसंच लिहा.

डुकरांचा_डॉक्टर

इंग्लंडमधून रामराम. फेरेटवाल्यांचं रडणं ऐकून आम्ही डुकरंवाले श्रीमंत असल्यासारखं वाटायला लागलं.

डुकरात फ्लू हा काही ‘मॉडेल’ नाही हो, त्यांचा स्वतःचा आजार आहे. रिचर्ड शोप यांनी १९३१ मध्ये डुकराचा फ्लू व्हायरस दाखवला, म्हणजे माणसाच्या आधी. आणि हत्यारं बरीच आहेत, कारण डुकराला पैशाची किंमत आहे, त्याच्या आजारावर शेतीखातं खर्च करतं. सीडी४ चा ७४-१२-४, सीडी८ अल्फाचा ७६-२-११, हे क्लोन आमच्या जन्माच्या आसपासचे, अजून चालतात. एक सावधगिरी उंदरावरून येणाऱ्यांना: डुकराच्या रक्तात सीडी४ आणि सीडी८ अल्फा दोन्ही असलेल्या टी सेल भरपूर असतात, त्या डबलेट नाहीत, कचरा नाहीत, अनुभवी सीडी४ पेशी आहेत. गेट लावून उडवू नका. गॅमा-डेल्टा प्रकारच्या टी सेलही उंदराच्या मानाने खूपच जास्त.

टेट्रामर हवेच असतील तर बाबराहम नावाची इनब्रेड डुकरं आहेत, त्यांच्यासाठी फ्लूचे टेट्रामर बनवलेत आणि ते छापूनही आलंय. पण ती डुकरं मिळायला इथेच यावं लागेल.

शोधायला दोन जागा सांगतो. अमेरिकेत शेतीखात्याच्या पैशातून व्हेटर्नरी इम्यून रिएजंट नेटवर्क चाललं, गाय, डुक्कर, घोडा, कोंबडी, मासे यांच्यासाठी. आणि इकडे रॉझलिन आणि पर्ब्राइट यांचा इम्युनॉलॉजिकल टूलबॉक्स. दोन्हीकडे फेरेटचं फार नसेल, पण गायी-डुकरांच्या क्लोनची यादी तिथे आहे, आणि वर दादांनी सांगितलेला सीसी३०२ गायीचाच ना. एक एक क्लोन घेऊन फेरेटच्या प्लीहेवर लावून बघणं हे कंटाळवाणं काम कुणालातरी करावंच लागतं.

सांगलीची_पोर

पण एक एक लावून बघायचं म्हणजे किती लावणार? कुठून सुरुवात करायची यात काही तर्क आहे का?

डुकरांचा_डॉक्टर

आहे की. फेरेट मांसाहारी गटातला, त्यातही कुत्र्याच्या बाजूचा. त्यामुळे पहिली उडी कुत्र्याच्या रिएजंटवर मारा, सायटोकाइनसाठी तर नक्कीच. मग माणूस आणि गाय. उंदराचे क्लोन शेवटी, कारण उंदीर खूप वेगळा पडलाय.

आणि सिक्वेन्स बघा. फेरेटचा जीनोम २०१४ मध्ये छापून आला, म्हणजे कुठल्याही प्रोटीनचा सिक्वेन्स काढून कुत्र्याच्या शेजारी ठेवता येतो. पण मोनोक्लोनल पाच-सहा अमिनो ॲसिडच्या जागेवर बसते, एकूण ९० टक्के जुळलं आणि नेमकं तेवढंच बदललेलं असलं तर संपलं. ‘प्रेडिक्टेड’ वाल्यांची गोम इथेच आहे.

रिटायर्ड_सीरोलॉजिस्ट

आणि हे लोक ‘चाललं’ कशाला म्हणतात तेही विचारा. हिस्टोग्राम थोडा उजवीकडे सरकला की चाललं? आमच्या काळी असलं कुणी दाखवलं तर परत पाठवायचो.

पेशी_मोजणारा

काका, यावर आपलं एकमत. माझी पद्धत सांगतो. फेरेट सीडी४ चा जीन प्लास्मिडमध्ये घालून एचईके (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी) पेशींत टाकायचा, शेजारी रिकामं प्लास्मिड टाकलेल्या पेशी. अँटिबॉडी पहिल्यांना धरते आणि दुसऱ्यांना नाही, तरच पुढे. मग खऱ्या प्लीहेवर सीडी४ आणि सीडी८ एकत्र लावून बघायचं, दोन वेगळे ढीग पडले पाहिजेत. एकाच ढिगात दोन्ही आले तर काहीतरी वंगाळ आहे. अनकॉन्जुगेटेड उंदराची अँटिबॉडी आणि वर अँटी-माउस सेकंडरी असं करत असाल तर ती सेकंडरी फेरेटच्याच इम्युनोग्लोब्युलिनला धरते का ते आधी एकटी लावून बघा, बी सेल सगळे उजळून निघतात आणि माणूस खूश होतो.

हॅमस्टरवाली_पुणे

मीच ती मैत्रीण. आधी सगळ्यांचे आभार, आता माझं ऐका.

आमच्याकडे फेरेट आणायचे म्हणजे परवानग्यांचा गोवर्धन, म्हणून सीरियन हॅमस्टर. कोविडच्या वेळी एनआयव्हीने कोव्हॅक्सिनचं काम हॅमस्टर आणि ऱ्हीसस माकडांवर केलं तेव्हापासून इथे हॅमस्टर हाताळणारे हात तयार झालेत. फ्लूही त्यांना होतो. पण रिएजंट! कॅटलॉगमध्ये ‘अँटी-हॅमस्टर’ टाकलं की ढीगभर दिसतात आणि नवीन पोरं खूश होऊन ऑर्डर टाकायला धावतात. त्यातल्या बऱ्याच आर्मेनियन हॅमस्टरमध्ये बनवलेल्या मोनोक्लोनलसाठीच्या सेकंडरी असतात, हॅमस्टरच्या टी सेलसाठी नव्हे. सीडी४ ला उंदराचा जीके१.५ चालतो, एमएचसी क्लास टू ला १४-४-४एस. त्यापुढे मी क्यूपीसीआरवर (जीनचा एमआरएनए मोजायची पद्धत) आहे.

आणि खरेदी. एका अँटिबॉडीच्या बारक्या बाटलीसाठी आधी जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) उपलब्ध नाही असा रिपोर्ट काढा, मग प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, मग कमिटी, मग वितरक म्हणतो आठ आठवडे. गेल्या वेळची बाटली कस्टममध्ये अडकली, ड्राय आइस उडून गेला आणि डबा उघडला तेव्हा आत कोमट पाणी. वितरकाचं म्हणणं, डबा आम्ही थंडच दिला होता. हो, दिला असेल.

क्यूपीसीआरवर रिव्ह्यूअर म्हणतात प्रोटीन दाखवा. कुठून दाखवू?

रिटायर्ड_सीरोलॉजिस्ट

ताई, इंटरफेरॉन गॅमाचा एमआरएनए दिसला म्हणजे प्रोटीन आलंच असं नाही, रिव्ह्यूअर अगदीच चूक नाही. पण सीरमचं सगळं तुम्हाला करता येतं, त्यात अडचण नको.

पेशी_मोजणारा

काका, तुम्ही परत सीरमवर आलात. क्यूपीसीआरला एवढं हिणवू नका, वेळेनुसार सात-आठ जीनचा चढउतार दाखवला तर त्यात भरपूर माहिती असते. फक्त हाउसकीपिंग जीन (तुलनेसाठी स्थिर धरलेला जीन) तपासून घ्या, इन्फेक्ट झालेल्या फुप्फुसात पेशींची सरमिसळच बदलते, गॅपडीएच स्थिर राहील असं धरून चालू नका. आणि पैसे असतील तर सिंगल सेल आरएनए-सेक. त्याला अँटिबॉडीच लागत नाही, पॉली-ए शेपटी सगळ्यांना असते. गोम एवढीच की अशा प्राण्यांच्या जीनोममध्ये जीनचं शेवटचं टोक नीट नोंदलेलं नसतं, मग रीड येऊन पडतात ते जीनच्या बाहेर आणि सॉफ्टवेअर ते फेकून देतं. सीडी४ दिसत नाही म्हणून लोक घाबरतात, असतो तो, दोन किलोबेस पुढे पडलेला असतो. अॅनोटेशन लांबवून परत चालवा.

@हॅमस्टरवाली_पुणे खरेदीवर एक उपाय. बाटली मागवण्याऐवजी हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) मागवा किंवा क्लोनचा सिक्वेन्स छापलेला असेल तर जीन सिंथेसाइझ करून एक्सपी२९३ पेशींत अँटिबॉडी घरीच काढा. उदाहरणार्थ ओकेटी८ चा हायब्रिडोमा एटीसीसीकडे (अमेरिकेतली पेशींची बँक) आहे. एकदा पेशी हातात आल्या की कस्टमशी संबंध संपला. रंग लावायची किटं मिळतात, पण त्यासाठी अँटिबॉडी कॅरियर-फ्री पाहिजे, बीएसए किंवा ग्लायसिन असेल तर रंग त्यालाच जाऊन बसतो.

नंदुरबारकर_व्हेट

मी लॅबवाला नाही, पशुवैद्यक आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला होतो, देशातला कोंबड्यांमधला पहिला एच५एन१ तिथलाच. ते पांढरे सूट घालून दुपारच्या उन्हात शेडमध्ये जायचं म्हणजे बुटात घामाचं तळं. सॅम्पल भोपाळला हाय सिक्युरिटी लॅबला जायचे. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्याच नवापूरला २०२१ मध्ये बर्ड फ्लू परत आला.

मला विचारायचं ते असं, की तुम्ही सगळे फेरेट-डुक्कर-हॅमस्टर बोलताय, कोंबडीतली इम्युनिटी कुणी बघतं का? मेळघाटातल्या एका लहान मुलात २०१९ मध्ये एच९एन२ सापडला, गोरेवाड्याला वाघ आणि बिबट्या एच५एन१ ने गेल्याचं २०२५ च्या जानेवारीत वाचलं. आमच्या दृष्टीने मूळ प्राणी कोंबडीच.

डुकरांचा_डॉक्टर

डॉक्टरसाहेब, बघतात की. आणि कोंबडीची हत्यारं फेरेटपेक्षा बरी आहेत. सीडी४ चा सीटी-४, सीडी८ चा सीटी-८, मॅक्रोफेजसाठी केयूएल०१, बी सेलला बीयू-१ विरुद्धचा एव्ही२०. सदर्न बायोटेककडे बरेचसे मिळतात. पण सस्तन प्राण्यांची सवय घेऊन गेलात तर फसाल. कोंबडीला आपल्यासारख्या लिम्फ नोड नाहीत, बी सेल तयार होतात बर्सा नावाच्या अवयवात. तिची अँटिबॉडी आयजीवाय, ती प्रोटीन ए ला किंवा प्रोटीन जी ला (अँटिबॉडी पकडणारी जिवाणूंची प्रोटीन्स) चिकटत नाही. फेरेटचं आयजीजी प्रोटीन ए ला चिकटतं, म्हणजे @सांगलीची_पोर तुमच्या एलायझाला (प्लेटवर अँटिबॉडी मोजायची चाचणी) प्रोटीन ए-एचआरपी चालून जाईल, वेगळी अँटी-फेरेट नसली तरी.

आणि कोंबडीत आरआयजी-आय हा व्हायरसची चाहूल घेणारा जीनच नाही, बदकात आहे. बदक एच५एन१ घेऊन मजेत फिरतं आणि कोंबडी दोन दिवसांत आडवी होते त्यामागचं हे एक कारण धरतात.

नंदुरबारकर_व्हेट

बदकांचं प्रत्यक्ष बघितलंय, तळ्यावर मस्त पोहत असतात आणि शेजारच्या शेडमध्ये स्मशान. आता समजलं. आणि मग फील्डवर वेगवेगळे पक्षी असले तर प्रत्येकाची वेगळी एलायझा?

रिटायर्ड_सीरोलॉजिस्ट

नाही. ब्लॉकिंग एलायझा घ्या. प्लेटवर न्यूक्लिओप्रोटीन, त्यावर सीरम, मग एनपी विरुद्धची लेबल लावलेली मोनोक्लोनल. सीरममध्ये अँटिबॉडी असेल तर मोनोक्लोनलला जागा मिळत नाही आणि रंग कमी येतो. कोंबडी, बदक, डुक्कर, फेरेट, घोडा सगळ्यांना एकच प्लेट. आयडेक्सचं बहुजातीय किट आहेच बाजारात. फक्त हे ‘फ्लू ए होऊन गेला का’ एवढंच सांगतं, एच५ की एच९ ते एचएआयनेच कळणार.

@सांगलीची_पोर फेरेट आल्या आल्या ही प्लेट लाव. विकणारे ‘सीरोनिगेटिव्ह’ म्हणून देतात, पण फेरेटला फ्लू माणसाकडूनही होतो, पिंजरा साफ करणारा सर्दीत आला की तुझा कंट्रोल ग्रुप गेला. एका परदेशी लॅबचा सगळा ग्रुप असा गेलेला मला माहीत आहे, स्टाफला फ्लूचा शॉट देणं हा एक्सपेरिमेंटचाच भाग समजायचा.

सांगलीची_पोर

हे आमच्या प्रोटोकॉलमध्ये नव्हतं, आजच टाकते.

अजून एक राहिलं, रिपॉझिटरी. बीईआय आणि आयआरआर, दोन्ही एटीसीसीच चालवतं ना? त्यात फरक काय?

पेशी_मोजणारा

हो, चालवतं एटीसीसी. बीईआयचा पैसा एनआयएआयडीचा (अमेरिकेची संसर्गरोग संशोधन संस्था) आणि इंटरनॅशनल रिएजंट रिसोर्सचा, म्हणजे आयआरआरचा, सीडीसीचा. फ्लूचे व्हायरस, अँटिसीरा, रिकॉम्बिनंट एचए, पेप्टाइडचे संच असलं तिथे मिळतं. माल फुकट, शिपिंग बहुधा तुमच्यावर. दोन्हीकडे आधी लॅबचं रजिस्ट्रेशन करावं लागतं, बायोसेफ्टीचे कागद लागतात, त्यावर बॉसची सही, तेव्हा गरज लागायच्या आधीच करून ठेवा. पेप्टाइडचा पूल विकत घ्यायच्या आधी तिथे तुमच्या स्ट्रेनच्या जवळचा आहे का बघा, एनपी फारसा बदलत नाही, जवळचाही चालतो.

माझा पॅनल लिहून ठेवतो, घ्या: लाइव्ह-डेड (मेलेल्या पेशी ओळखणारा रंग), पृष्ठभागावर सीडी४, सीडी८ ओकेटी८ आणि सीडी११बी, मग फिक्स-पर्म, मग आत सीडी३, सीडी७९ए आणि इंटरफेरॉन गॅमा. एवढ्यावर थांबा. चौदा रंगांचा मोह फेरेटमध्ये सोडायचा.

हॅमस्टरवाली_पुणे

@रिटायर्ड_सीरोलॉजिस्ट काका, तुमचं ऐकून एचएआय लावायचं ठरवलंय. पण आमच्याकडे टर्कीचं रक्त मिळत नाही, गिनी पिग आहेत. आणि हॅमस्टरचं सीरम नुसतं पेशींवर टाकलं तरी गुठळी दिसतेय, व्हायरस नसतानाही.

रिटायर्ड_सीरोलॉजिस्ट

आधी सीरम साफ कर. ५० मायक्रोलीटर सीरम, १५० आरडीई (सीरममधले अडथळे तोडणारं एन्झाइम), ३७ अंशावर रात्रभर, सकाळी ५६ अंशावर अर्धा तास, मग ३०० पीबीएस, झालं १:१०. तरीही व्हायरसशिवाय गुठळी होत असेल तर त्याच गिनी पिगच्या घट्ट बसवलेल्या पेशी थोड्या घालून थंडीत तासभर ठेव, फिरवून वरचं सीरम घे. त्याने जाईल.

व्हायरस २५ मायक्रोलीटरमध्ये ४ एचए युनिट, बॅक टायट्रेशन (व्हायरस खरंच तेवढा आहे का ते तपासणं) त्याच दिवशी, कालच्यावर विसंबू नकोस. नवीन एच३एन२ असेल तर त्याचा न्यूरामिनिडेजसुद्धा पेशींना धरतो, तिथे २० नॅनोमोलर ओसेल्टामिव्हिर घाल.

गिनी पिगच्या पेशी ०.७५ टक्के, प्लेट यू-बॉटम, आणि तासभर ठेव. टर्कीला व्ही-बॉटम आणि अर्धा तास लागतो आणि प्लेट तिरकी धरून थेंब ओघळतो का ते वाचतात, गिनी पिगच्या पेशी तशा ओघळत नाहीत, त्यात तळाला कडी किंवा बटण दिसतं तेच वाचायचं. पहिल्या प्लेटचा फोटो इथे टाक, बघून सांगतो.